लंगडा दिवा

नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर किसनरावांनी गावाला तोंडावर सांगितलं, मेलेली ढोरं आता ओढणार नाही. तेव्हापासून ललिताच्या जिवाला घोर लागला होता. "अंधारात गाठतीन तुमाले," ती म्हणाली, तर त्यांनी दर्यापूरच्या बाजारातून एक जुना डायनामो आणून सायकलीला बसवला. "आता अंधार राहिला कोठी?" म्हणत हसले. त्यांचा डावा पाय लहानपणापासून अधू. उजव्या पायाच्या रेट्याला दिवा भडकायचा, डाव्याला मंदावायचा. "तुमचा दिवाई लंगडते," असं ललिता चिडवायची.

आजही दिवेलागणीला ती सासूबरोबर दारात उभी होती. कपाशीच्या वावरापल्याड दिवा दिसला. भडकला, मंदावला, पुन्हा भडकला. तिचा जीव भांड्यात पडला. बाभळीपाशी येऊन मात्र दिवा विझला. पाय थांबले की डायनामोचा दिवा जातोच. चेन पडली असेल, तिने मनाची समजूत घातली. पण नजर तिथून हलेना. बऱ्याच वेळाने दिवा पुन्हा लागला आणि घराच्या रस्त्याला वळला.

"आला वं माहा किसन!" जाईबाई म्हणाल्या. "च्या मांड."

ललिता जागची हलली नाही. दिवा जवळ येत होता. लख्ख, एकसारखा, एकदाही न लंगडता.

"आत्याबाई," तिने सासूचा दंड धरला, "अंदर चाला. कडी लावा."