दहा चाकांचा रणगाडा

"आज चाकं बसली की काम संपलं," बाबा म्हणाले. "उद्या सकाळच्या गाडीनं मी निघतो."

लेकीनं एप्रनच्या खिशात हात घालून पाहिलं. शर्टाच्या बटणाएवढं काळं चाक तिथं सुखरूप होतं. काल दुपारी बाबा अंघोळीला गेले तेव्हा तिनं ते खोक्यातून हळूच उचललं होतं. चाळिशी उलटलेली बाई, शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या कवळ्या बनवणारी, आणि चोरी केली ती कशाची, तर प्लास्टिकच्या चाकाची!

पण करते काय बिचारी? तीन महिन्यांपूर्वी बाबा त्यांच्या घरी न्हाणीघरात घसरून पडले होते. आई गेल्यापासून एकटेच राहत. दूधवाल्यानं दार वाजवलं तोवर चार तास ओल्या फरशीवर तसेच पडून होते. मनगट मोडलं होतं. तिनं त्यांना तशीच गाडी करून आपल्याकडे आणलं. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टर म्हणाले, बोटांना काहीतरी बारीक काम द्या, नाहीतर आखडतील. म्हणून तिनं हा रणगाडा आणला. सुट्या भागांचं खोकं, आपलं आपण जोडायचं. जुन्या लढाईतला रणगाडा, बाबांनी फौजेत तीस वर्षं चालवला अगदी त्याच जातीचा.

बाबांनी खोकं उघडलं आणि तिथल्या तिथं जाहीर करून टाकलं, "हा उभा राहिला की माझा हात बरा झाला. हात बरा झाला की मी माझ्या घरी. लेकीच्या घरी पाहुण्यानं पाहुण्यासारखं राहावं."

झालं! फौजी माणसाचा शब्द. जावयानं समजावून पाहिलं. लेक रडली, रुसली, दोन दिवस अबोला धरला. बाबा ढिम्म.

रोज दुपारी ती कामाच्या टेबलावरचे प्लास्टरचे जबडे एका बाजूला सारायची आणि बाबांना जागा करून द्यायची. तिचाच चिमटा, तिचंच भिंग, तिचाच दिवा. "या बत्तिशा माझ्याकडे बघून हसतायत," बाबा कुरकुरायचे. "एवढं अवजड धूड हाकलं मी, आणि आता हे झुरळाएवढं नळकांडं हातात धरवत नाही." मग चिमट्यानं नळकांडं धरता धरता गोष्टी निघायच्या. वाळूत रुतलेली गाडी, इंजिनावर गरम केलेला चहा, हातोडीनं एकेक चाक ठोकून मोजल्याशिवाय गाडी न हलवायचा त्यांचा शिरस्ता. "तीस वर्षांत माझा एक नट हरवला नाही, ठकू. विचार कुणालाही." आता विचारणार कुणाला? पण ती मान डोलवायची. लहानपणी बाबा वर्षातून एक महिना सुट्टीवर यायचे, आणि ते रुळेपर्यंत सुट्टी संपायची. या टेबलाशी ते तिला पहिल्यांदाच पोटभर मिळत होते. तिला ते हवे होते. रोज हवे होते.

आणि आज त्यांची पत्र्याची ट्रंक दाराशी येऊन बसली होती. कुलूप लावून.

बाबांनी टेबलावर पांढरा रुमाल पसरला. खोकं त्यावर उपडं केलं. चाकं दोन ओळींत मांडली आणि पेन्सिलीच्या टोकानं एकेक ठोकत मोजायला सुरुवात केली. ती श्वास रोखून बघत राहिली. आता बाबा नऊ म्हणतील. मग शोधाशोध. मग टेबलाखाली, सोफ्याखाली, केरात. निदान दोन-चार दिवस तरी पदरात पडतील.

"आठ," बाबा म्हणाले.

तिचा हात चटकन खिशात गेला. एकच चाक होतं. तिनं एकच घेतलं होतं, देवाशपथ एकच.

बाबांनी पुन्हा मोजली. पुन्हा आठ. त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या. त्यांनी रुमाल झटकला, खोक्याच्या कोपऱ्यात बोट फिरवलं.

"असं कसं होईल?" ते वैतागून म्हणाले. "नऊ तरी हवीत!"

"नऊ?" ती म्हणाली. "दहा असतात ना, बाबा? एका अंगाला पाच, दुसऱ्या अंगाला पाच. तुम्हीच तर शिकवलंत."

बाबांची पेन्सिल जागच्या जागी थांबली. त्यांनी वर पाहिलं नाही. कानाच्या पाळ्या मात्र लाललाल झाल्या. एक हात हळूच टेबलाच्या कडेला असलेल्या चष्म्याच्या डबीवर जाऊन बसला.

हसावं की रडावं, तिचं तिलाच कळेना. तिनं खिशातलं चाक काढलं आणि रुमालावर त्या आठांच्या शेजारी नीट लावून ठेवलं.

"घ्या," ती म्हणाली. "झाली नऊ."

बाबा त्या चाकाकडे बघत राहिले. मग तिच्याकडे. शेवटी त्यांनी खाकरून घसा साफ केला.

"नऊ चाकांवर रणगाडा हलत नाही, ठकू," ते म्हणाले. "ती ट्रंक तेवढी आत घे. दारात अडचण होते."

आणि चष्मा नाकावर असतानाच त्यांनी चष्म्याची डबी उचलून खिशात टाकली. ती खुळखुळली.