डाव्या खांद्यावरची गाठ

कपाटातलं लाल कापड जागेवर नव्हतं.

फुमिएनं खालचा खण उपसला, मग वरचा. गाठोडं बांधायचं निळं कापड होतं, हिरवं होतं. लाल नव्हतं. चटईवर मिनोरूचं चित्रकथांचं मासिक उघडं पडलं होतं आणि दाराशी त्याचे बूट नव्हते.

"मिनोरू!"

हातातला टाक टेबलावर टाकून ती चपला अडकवून जिन्यात आली. समोरच्या हाशिगुचीकाकू भाजीची टोपली घेऊन वर येत होत्या.

"काकू, आमच्या मिनोरूला पाहिलंत?"

"घसरगुंडीवर तर नव्हता बाई. का गं?"

"लाल कापड घेऊन गेलाय."

काकू पायरीवरच थांबल्या. पलीकडच्या इमारतीतला एक मुलगा गेल्याच महिन्यात गळ्यात असंच कापड बांधून गॅलरीतून 'उडाला' होता. खाली ओली माती होती, म्हणून पायावर निभावलं. अजून तो कुबड्या घेऊन शाळेत जायचा.

"गेन्ता!" काकू म्हणाल्या. "मेला तो मासिकातला गेन्ता! गच्चीवर बघ आधी. आज सगळ्यांनी गाद्या वाळत घातल्यात, दार उघडं असेल."

फुमिए धावली. मागून काकू धापा टाकत येत होत्या, पण तोंड थांबत नव्हतं.

"सगळं त्या चित्रं काढणाऱ्या मुराओ दाइगोनं केलंय. त्यानं एकानं पोरगं उडवलं आणि आता बघावं त्या मासिकात पोरं उडतायत. जो तो त्याचीच नक्कल करतो. मुलं त्याला पत्रात सेनसेई लिहितात म्हणे. गुरुजी! एकदा माझ्यासमोर येऊ दे हा गुरुजी!"

गच्चीचं दार उघडं होतं.

मिनोरू कठड्यावर उभा होता. पाठ इकडे, तोंड रेल्वेच्या रुळांकडे. लाल कापड फडफडत होतं. गाठ डाव्या खांद्यावर होती, चित्रात असते तशीच.

काकूंनी ओरडायला तोंड उघडलं. फुमिएनं न बघताच त्यांचा दंड घट्ट धरला.

"मिनोरू," ती म्हणाली. जेवायला हाक मारावी तशी. "काय करतोयस रे?"

"वाऱ्याची वाट बघतोय."

"गेन्ता बघतो वाट?"

"बघतो की! विसरलीस?" त्यानं मान वळवली नाही. "आणि तो कधीच पडत नाही. तूच म्हणालीस."

"म्हणाले होते," ती गाद्यांच्या आडून एक पाऊल पुढे सरकली. "पण निघण्याआधी तो काय करतो?"

मिनोरूनं विचार केला. "गाठ बघतो. सैल असली तर परत बांधतो."

"तुझी सैल आहे."

"नाहीये!"

"आहे. मला इथून दिसतेय. असा निघालास तर कापड वाटेतच उडून जाईल. ये, नीट बांधून देते."

त्यानं खांद्याकडे पाहिलं. वाऱ्याचा झोत आला आणि कापड ताणलं गेलं. तो वळला, आणि वळताना टाच घसरली. सिमेंटचा एक तुकडा निखळून खाली गेला. तो आपटल्याचा आवाज यायला वेळ लागला. तोवर फुमिएच्या मुठीत कापड होतं, मग दंड, मग अख्खा मिनोरू.

गाठ अजिबात सैल नव्हती. तिला ती दातांनी सोडवावी लागली.

"रडून घे," जिना उतरताना काकू म्हणाल्या. "रडली नाहीस तर ते आत साचतं."

फुमिए रडली नाही.

"आणि पोरावर लक्ष ठेव गं. नवरा तिकडे ओसाकाला, आणि तू दिवसभर लोकांची पाकिटं घेऊन पत्ते लिहीत बसतेस. बोटं बघ, शाईनं काळी झालीत नुसती!"

"चुकलंच माझं, काकू."

"तुझं कसलं चुकतंय? चूक त्या मुराओची. त्याला पोरंबाळं नसणारच. असती, तर असलं काढायला हात धजला असता का?"

फुमिएनं लाल कापडाची घडी घातली.

"नसता धजला," ती म्हणाली.

संध्याकाळी टोफूवाल्याचा भोंपू वाजून गेला. मिनोरूनं बटाट्याची तळलेली वडी अर्धी खाल्ली आणि आईची बाही मुठीत धरून चटईवरच झोपला. एका हातानं तिचं काम चालू होतं, तेवढ्यात बेल वाजली.

दर महिन्याला मोठं खाकी पाकीट न्यायला येणारे इवाबुची होते. समोरचं दार लगेच किलकिलं झालं.

"पत्ते न्यायला आलात ना? आज घाई करू नका हो," काकूंनी दटावलं. "बिचारीवर काय प्रसंग आला होता!"

इवाबुचींनी टोपी काढून त्यांना वाकून नमस्कार केला, आत येऊन दार नीट लावलं आणि मगच आवाज खाली आणून विचारलं,

"झालं?"

"शेवटचं पान पुन्हा केलं. बघा."

टेबलावरच्या दिव्याखाली जुन्या रेघांवर फासलेला पांढरा रंग अजून ओला होता. इवाबुची वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"गाठ सुटलीय," ते म्हणाले. "हा... हा पडतोय!"

"पडतोय. पाय मोडणार आहे त्याचा. पुढच्या अंकात कुबड्या असतील."

"अहो, पुढच्या महिन्यात गेन्ता टीव्हीवर येतोय!" इवाबुचींनी चटईवर गुडघे टेकले. "देशभरातली मुलं त्याला पहिल्यांदाच हलताना, उडताना बघणार. असं करू नका, मुराओ सेनसेई!"

फुमिएनं मिनोरूच्या मुठीतून बाही हळूच सोडवून घेतली आणि टाक शाईत बुडवला.

"मग पडतानाही बघू देत."