राजधानीची मागणी

"मेलेला माणूस नाही म्हणत नसतो, होर्दीय पेत्रोविच," पाहुणा म्हणाला आणि त्याने बीटाच्या बोर्श्च सूपमध्ये आणखी एक चमचा आंबट साय घातली.

जनरल होर्दीय लोझोवी खिडकीबाहेर बघत राहिला. फाटकापाशी राजधानीहून आलेली काळी गाडी उभी होती. तिच्याभोवती त्याच्या आईची बदकं तपासणी केल्यासारखी फेऱ्या मारत होती. आई, यावदोखा, चुलीपाशी बसून शेंगा सोलत होती. पाहुण्याला वाढून झाल्यावर तिने त्याच्याकडे पाठ केली होती, ती तशीच होती.

पाहुणा मंत्रालयातला, नाव क्राव्हेत्स. मागणी साधी होती. उद्या कॅमेऱ्यासमोर बसायचं आणि सांगायचं की सोस्नोवी यार शहर सोडण्याचा हुकूम माझा नव्हता, ब्रिगेडच्या कर्नलने स्वतःच्या डोक्याने माघार घेतली. एवढं बोललं की काढून घेतलेलं पद परत. सगळी पूर्व आघाडी पुन्हा होर्दीयच्या हाताखाली.

तो कर्नल म्हणजे ओस्ताप. कुंपणापलीकडच्या मोत्र्या काकूंचा एकुलता एक मुलगा. त्या माघारीनंतर, गेल्या हिवाळ्यात तोफेच्या माऱ्यात गेला.

होर्दीयच्या नावाला देशाने दोन शिव्या चिकटवल्या होत्या. युद्धाच्या पहिल्या वर्षी त्याने नदीवरचा पूल सोडला नाही. पूल राहिला, माणसं गेली. तेव्हा तो खाटीक ठरला. पुढे सोस्नोवी यारभोवती वेढा आवळत आला, वरून हुकूम येईना, तेव्हा त्याने धुक्याचा फायदा घेऊन सगळी ब्रिगेड बाहेर काढली. माणसं राहिली, शहर गेलं. तेव्हा तो पळपुटा ठरला. पद गेल्यावर वसंतात तो घरी आला. आईने त्याला नीट न्याहाळलं आणि हातात कुदळ दिली. "लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे. बटाटे लावायचे राहिलेत."

आईशी निभत होतं. मोत्र्या काकू मात्र अजून एक शब्द बोलल्या नव्हत्या. उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्या मळ्यात वाकून कोवळ्या भोपळ्यांवर खिळ्याने काहीतरी कोरताना दिसल्या. दरवर्षीचा उद्योग. कोवळ्या सालीवर कोरलेलं नाव भोपळ्याबरोबर वाढतं, आणि पिकेपर्यंत जखमेच्या खपलीसारखं उठून दिसतं. मुलं लहान असताना त्या एकावर ओस्तापचं नाव कोरायच्या, एकावर होर्दीयचं. मग कुणाचा मोठा झाला यावरून दोघांची मारामारी ठरलेली. "कसं काय, काकू?" होर्दीयने कुंपणावरून विचारलं होतं. काकूंनी मान वर केली नाही. त्याला वाटलं, बरोबर आहे. मी परत आलो, तो आला नाही.

"मोत्र्या काकूंना मी काय तोंड दाखवू?" त्याने आता विचारलं.

"त्यांच्याकडूनच येतोय मी," क्राव्हेत्स म्हणाला. "सकाळी आधी तिथेच गेलो. त्यांची काही हरकत नाही."

भाकरीकडे गेलेला होर्दीयचा हात थांबला.

आघाडी त्याला हवी होती. तिथला ओढा न् ओढा त्याला पाठ होता. सैनिक पोरांना कुठे उभं केलंय हे बातम्यांत बघून त्याची रोज जेवणावरची वासना उडायची. आणि आता काकूंचीही हरकत नव्हती. हरकत घेईल असं कुणी उरलंच नव्हतं.

"जायचंय तुला?" पाठमोऱ्या आईने विचारलं.

"जायचंय, आई."

"मग?"

तो उठला आणि बाहेरच्या पडवीत गेला. तिथे बाकाखाली या हंगामाचे भोपळे रचून ठेवले होते. आमच्याकडे मुलगी मागायला आलेला नवरदेव पसंत नसला, तर त्याला तोंडाने कुणी नाही म्हणत नाही. त्याच्या हातात भोपळा देतात. तो उचलायचा आणि गावादेखत चालू लागायचं.

होर्दीयने सगळ्यात मोठा उचलला.

"तो नको," आई आतून म्हणाली. ती शेंगाच सोलत होती. "तो बियाण्याचा आहे. डागाळलेला घे. पाहुण्याला पुरे."

क्राव्हेत्सचे कान लाल झाले. तोही खेड्यातलाच होता, त्याला समजावून सांगावं लागलं नाही. "पोरखेळ करू नका, जनरल. अशी संधी परत यायची नाही."

"हुकूम माझा होता," होर्दीय म्हणाला. "कॅमेरा इथे पाठवा, हेच सांगेन. खाटीकही मीच, पळपुटाही मीच. ओस्तापने फक्त माझं ऐकलं."

क्राव्हेत्सने भोपळ्याला हात लावला नाही. तरातरा जाऊन तो गाडीत बसला. होर्दीय भोपळा घेऊन मागोमाग गेला. बदकं बाजूला झाली. जाडजूड, पिकल्या मिशांचा ड्रायव्हर ओशाळून खाली उतरला आणि त्याने डिकी उघडली.

"थांबा, जरा जागा करतो," तो हळू आवाजात म्हणाला. "एक सकाळीच आलाय. त्या पलीकडच्या काकूंनी दिला. साहेब म्हणाले, फेकून दे. पण खायची वस्तू, फेकवते का हो?"

त्याने सुटं चाक सरकवलं. मागचा भोपळा हळूच कलंडला आणि त्याच्या केशरी सालीवर खपली धरलेली अक्षरं वर आली. ओस्ताप.

होर्दीय हातातलं ओझं घेऊन तसाच उभा राहिला. कुंपणापलीकडे मोत्र्या काकू उभ्या होत्या. आल्या कधी कोण जाणे. त्यांनी आधी त्याच्या हातातल्या भोपळ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"शेजारी शेजारी ठेव रे," त्या म्हणाल्या. "आणि भांडू नका."