चिपाड

साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून सासरे घराबाहेर पडले नव्हते. सून तिथल्याच नव्या विभागात होती. ती म्हणाली, "बाबा, उद्या शाळेची मुलं कारखाना बघायला येतायत. समजावून सांगायला चला ना."

"रस गेला, सूनबाई. माझं आता चिपाड झालंय."

"चिपाडावरच तर चाललंय सगळं! ते जाळून वीज होते. कारखान्याला पुरून उरलेल्या विजेने आम्ही पाणी फोडतो, त्यातून हायड्रोजन काढतो. त्यावर गाडी पळते."

"पाणी फोडता? नारळ आहे का तो?" म्हणत सासरे हसले आणि सकाळी तिच्याआधी तयार झाले.

कारखान्यात एका मुलीने चिपाड उचललं. "आजोबा, हे टाकून द्यायचं ना?"

सुनेकडे बघत ते म्हणाले, "टाकायचं? अगं, ते अजून पेटायचंय!"