धुळं पाऊण तासात

एरंडोलच्या युवराजने आपल्या जुनाट, छोट्या गाडीला जळगावहून टर्बो बसवून आणला आणि नव्या नवरीसारखी ती गल्लीभर मिरवली. दारात येऊन रेस देत तो बायकोला म्हणाला, "सुलक्षणा, चल, बस. आता धुळं पाऊण तासात."

ओट्यावर मेथी निवडत बसलेल्या सुलक्षणाने मानही वर केली नाही.

"धुळ्याला आता कोण उरलंय माझं? आई वर्षभर अंथरुणाला खिळून होती, तेव्हा गाडी तिथवर जाणार नाही म्हणालात."

"अगं, तेव्हा इंजिनात दमच नव्हता."

"त्याच वर्षी मित्राच्या हळदीत नाचायला हीच गाडी घेऊन सुरतेला गेला होतात," ती शांतपणे म्हणाली. "बंद करा ती आता. भाजीवर धूर बसतोय."