पाठीचा हूक

“खांदे सैल सोडा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी छातीला टेप लावली.

तिने खांदे सोडले. नजर भिंतीवर लावून ठेवली. कपड्यांच्या मोठ्या दुकानात काचेमागचे पुतळे सजवायचं तिचं काम. दुसऱ्यांच्या छातीला टेप लावण्यातच उभा जन्म गेला, पण ते दुसरे सगळे प्लास्टिकचे. आज आपल्यालाच कुणी मापतंय म्हटल्यावर तिला हसू आलं. डॉक्टरीणबाईंची बोटं उबदार होती. कुणाचा हात शेवटचा कधी अंगाला लागला, हे तिने आठवायचं टाळलं.

प्रश्न तिने घरून पाठ करून आणला होता. आईच्या दुखण्यात जागरणं करता करता तिचं अंग झडलं, छाती उतरली. मग आईही गेली. नवऱ्याने तर केव्हाच दुसरं घर केलं होतं. संध्याकाळी दुकान बंद करताना काचेत पुतळ्यांच्या रांगेत तीही दिसायची, आणि रांगेत ओघळलेली तेवढी तीच. तर नुसतं आत काही बसवून हे सावरेल का? ते कापून उचलणं, ते व्रण, तिला नको होते.

डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. स्तनाचं टोक अजून खालच्या घडीच्या वर आहे, म्हणजे उतार थोडाच आहे. इम्प्लांट बसवलं तर रिकामी झालेली कातडी भरेल, आकार येईल. जास्त उतरलं असतं तर नुसत्या इम्प्लांटला त्यांनी नाहीच म्हटलं असतं.

“पण एक लक्षात ठेवा. त्याने भरतं, उचललं जात नाही. आणि वजन आहे ते, पुढेमागे खाली ओढणारच.”

“भरलं तरी पुष्कळ,” ती म्हणाली.

इथवर सगळं मनासारखं झालं. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरी सोबत कोण? गुंगी उतरली तरी एकटीला सोडत नाहीत. सुरुवातीचे काही दिवस हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत. कपडे चढवायला, केस विंचरायला, उशाशी पाणी ठेवायला माणूस हवं. माणूस नसेल तर त्या ऑपरेशनची तारीख देत नाहीत.

पुतळ्याच्या अंगावरचा ड्रेस पुढून चापूनचोपून बसतो, तो मागे टाचण्यांची रांग असते म्हणून. रस्त्यावरून जाणाऱ्याला पाठ दिसत नाही. तिने स्वतःचंही तसंच चालवलं होतं. दुकानात सांगायची, भाचे येऊन जाऊन असतात. भाचा एकही नव्हता. आताही जीभ सवयीने चालली. बहीण आहे, म्हणाली, बाहेरच बसलीय.

“मग बोलवा की आत. तुम्ही निम्मं विसराल. तिलाच सगळं नीट सांगते.”

ती कपडे सारखे करून बाहेर आली. आता सरळ जिना उतरायचा आणि पुन्हा या गल्लीत पाऊल टाकायचं नाही, एवढंच डोक्यात होतं.

बाकावर मघाची बाई अजून बसलेली होती. तिचं दाखवणं तर आधीच झालं होतं. खरं म्हणजे एव्हाना ती घरी जायला हवी होती.

मघाशी दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या. बाई बोलघेवडी. लेक गाडी लावायला गेलीय, म्हणाली. मग आपणहून कानाशी येऊन म्हणाली, “माझं घर पार खचलंय हो, नुसता रंग देऊन भागायचं नाही.” दोघी तोंडावर हात ठेवून हसल्या. तेवढ्यात बाईला आत बोलावलं. ती उठली आणि पाठमोरी झाली. ड्रेसची मागची चेन अर्ध्यावरच अडकली होती, वरचा हूक उघडा. पुतळेवालीचा हात आपोआप गेला. चेन वर ओढली, हूक लावला. हूक बसला तरी बाई क्षणभर तशीच मान खाली घालून उभी राहिली.

लेक असती तर हा हूक घरातून निघतानाच लागला असता. हे तिला लगेच कळलं, कारण स्वतःच्या सगळ्या कपड्यांचे हूक तिने केव्हाच पुढे घेतले होते. देवाने माणसाला हात दोन दिले, पण पाठ मात्र दुसऱ्याच्या हवाली केली.

जिन्यापाशी पोचलेली ती मागे वळली.

“एक विचारू? जरा आत येता का माझ्याबरोबर? माझी बहीण म्हणून.”

बाईचा चेहरा उतरला. “म्हणजे डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला सांगितलं तर.”

“काय सांगितलं?”

“मीही आत तेच बोलून बसलेय. बाहेर माझी मोठी बहीण बसलीय, म्हटलं. तुम्ही हूक लावलात ना, म्हणून तोंडातून निघून गेलं.” ती पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली. “मलाही म्हणाल्या, बोलवा तिला. बाहेर आले तर तुम्हाला विचारायचा धीर होईना. मग तुम्हालाच आत बोलावलं. तेव्हापासून बसलेय.”

“मोठी कशावरून?” तिने विचारलं.

दोघी आत गेल्या. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून आधी एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. मग त्यांनी टेबलावरचं कॅलेंडर पुढे ओढलं.

“म्हणजे तुम्हा दोघींना एकाच दिवशीची तारीख देता येणार नाही.”