मुदतीबाहेरचं दुखणं

"मुदत संपली, आजी. हे प्रकरण आता पुन्हा उघडता येत नाही," भरपाई कचेरीतले साहेब म्हणाले.

छबुबाईनं पदर खोचला. "मुदत संपली म्हनं. दुखनं कुटं संपलंय? ह्याचा खोकला तर ऐका."

तिचा लेक बंकट भिंत धरून उभा होता. कापसाच्या जिनिंग गिरणीत रुईची गठाण त्याच्या छातीवर पडली, तेव्हापासून बरा होईस्तोवर त्याला अर्धा पगार मिळायचा. मग गिरणीच्या डॉक्टरानं 'कामाला फिट' असं लिहिलं आणि पगार थांबला. मधली काही वर्षं दुखणं गप्प बसलं. यंदा उठलं ते तोंडातून रक्त घेऊनच. दुखणं काही कायदा विचारून येत नाही.

साहेब माणूस बरा होता. त्यानं आवाज खाली आणला. "एकच वाट आहे. छातीची जखम भरली नसताना लबाडीनं फिट लिहून घेतलं, असं शाबीत करा. मग बघता येईल. तेव्हा तिथं कोण होतं?"

होता एकच. मोहनराव मुकादम. गिरणीच्या मिठावर वाढलेला. देवाची शपथ घेऊन खोटं बोलायचं आणि वर प्रसाद मागायचा, असली त्याची जात.

पण धारूरच्या घाटाखाली एक रीत अजून शाबूत आहे. मयताच्या दारात खोटं बोलत नाहीत. बोललं तर मढं पाठ सोडत नाही. मोहनराव देवाला भीत नव्हता. मढ्याला भ्यायचा.

घरी आल्यावर छबुबाईनं चपला काढल्या आणि म्हणाली, "बंकट, उद्या तुला मरायचंय."

बंकटची बायको योगिता पिठाच्या हातानं बाहेर आली. "आत्याबाई, असलं अभद्र कावून बोलता?"

"अगं येडे, मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं. तुजंच कुक्कू घट्ट होतंय. मी म्हनलं की रडायचं, तेवढं जमतंय का बग."

भावकीला निरोप गेला. पोलीस पाटलालाही गेला. नाटक आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. मोहनरावाकडं मात्र मरणाचीच खबर पाठवली.

सकाळी बंकटला अंगणात निजवलं. दक्षिणेला पाय, अंगावर पांढरी चादर. छबुबाईनं स्वतःच्या हातानं त्याच्या नाकात कापसाचे बोळे घातले आणि जिभेवर तुळशीचं पान ठेवलं.

"कापूस सैल घाल की, आई. दम लागतोय."

"मढ्याला कुटं दम लागत असतो? आन खोकलास तर समदं मातीत जाईल, सांगून ठेवते." तिनं चादर त्याच्या तोंडावरून ओढली.

चुलती भिवराबाईनं हेल काढला. बंकट जिता आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी अशी रडली, की स्वतःच्या नवऱ्याला ती तशी रडली नव्हती. चादरीखाली बंकटला हसू फुटलं. हसण्यामागून खोकला आला. तो त्यानं गिळला. पुन्हा आला, पुन्हा गिळला. छातीत निखारा ठेवल्यागत झालं.

मोटारसायकल दाराशी थांबली. मोहनराव आला. तेवढ्यात तिसरा खोकला घशाशी आला आणि बंकटनं दात आवळले. तोंडात ऊन ऊन काहीतरी भरलं. तुळशीचं पान त्यात तरंगलं. मग एकदम सगळं निवांत झालं. गठाण पडायच्या आधी असायची, तशी छाती हलकी झाली. आईचं खरंच हाय, बंकटला वाटलं. आवई उठली आन आयुष्य वाढलं.

"लई वंगाळ झालं, मावशी," मोहनराव म्हणाला.

"वंगाळ मागून बोला. आदी त्याच्या पायावर हात ठिवा आन सांगा. फिट लिवलं तवा माज्या लेकाच्या छातीची जखम भरलीती का?"

मोहनराव खाली बसला. पायाला हात लागला तसा तो चटका बसल्यागत मागं सरकला आणि फुटलाच.

"न्हाई भरलीती, मावशी. डॉक्टर म्हनत होता, आजून आराम पायजे. मालकानं मला धाडलं. मीच जोर करून फिट लिवून घेतलं. मला माफ कर रं, बंकट."

छबुबाईनं भावकीवरून नजर फिरवली. "ऐकलं का समद्यांनी?"

"ऐकलं," पोलीस पाटील म्हणाला. "म्या सोता साक्ष देतो."

छबुबाईनं मांडीवर थाप मारली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती हसली. "ऊठ रं बंकट! उगडलं तुजं परकरन. आता चांगला बरा होईस्तोवर झोपून खा."

बंकट उठला. पायाचे अंगठे सुतळीनं बांधले होते, हे त्याला उभं राहिल्यावर आठवलं. त्यानं छाती भरून दम घेतला. खोकला आला नाही. मोहनरावाची आता कशी गाळण उडते ते बघायला तो हसत त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला.

मोहनराव दचकला नाही. डोळे पुसत खालीच बघत बसला. पाटील खालीच बघत होता, भिवराबाईही. योगितानं तोंडात पदर कोंबला होता.

"अगं आई, उठलो की मी," बंकट म्हणाला.

छबुबाई त्याच्या अंगावरून पुढं गेली, खाली बसली आणि चादर हलवत म्हणाली, "ऊठ की रं बाळा, झालं आता."